फ्रेंचचा सराव आणि न पाहिलेला प्रांत



परकी भाषा शिकूं लागलेल्या मनुष्याची एक अवस्था अशी येते कीं, व्याकरण बऱ्यापैकीं समजलेलें असतें, हजार-दीड हजार शब्द पाठ झालेले असतात, पुस्तकांतला उतारा कोशाच्या मदतीनें लागतो. आणि तरीही कोणी म्हटलें, "चार ओळी स्वतःच्या लिहून दाखवा," तर लेखणी जागची हलत नाहीं. लिहायचें काय हेंच सुचत नाहीं. क्रमिक पुस्तकांतील "माझें घर", "माझें कुटुंब", "माझा दिनक्रम" हे विषय दोन-तीनदां लिहून झाले कीं संपतात. साठी उलटलेल्या पेन्शनरानें आपण सकाळीं किती वाजतां उठतों हें फ्रेंचमध्यें चवथ्यांदा कशासाठीं सांगावें, आणि कोणास? सेवानिवृत्तीनंतर मीं फ्रेंच शिकण्यास आरंभ केला, तेव्हां या अवस्थेंत पुरे आठ महिने काढले. त्यांतून जी वाट सांपडली ती आज आपल्यापुढें ठेवणार आहें. वाट साधी आहे. जो प्रांत आपण पाहिला नाहीं, पण एकदां पाहावासा वाटतो, त्याविषयीं त्याच्याच भाषेंत लिहावें. "त्याच्याच भाषेंत" हे शब्द मीं आतां सहज उच्चारले. ते कितपत खरे आहेत याकडे पुढें वळावें लागणार आहे.

प्रांत म्हणतों, देश म्हणत नाहीं. "फ्रान्स" हा विषय घेतला कीं पॅरिस, तेथील लोखंडी मनोरा, 1789 ची राज्यक्रांति हीं वाक्यें आयतीं पुढें येतात. तीं आपलीं नसतात, कोठेंतरी वाचलेलीं असतात, आणि तीं लिहितांना भाषेला कांहींच व्यायाम होत नाहीं. प्रांत लहान असतो. त्याचें हवामान, त्याचें पीक, त्याची न्याहारी, त्याचे वारे यांना नांवें असतात, आणि तीं शोधावीं लागतात. मीं निवडला तो फ्रान्सच्या पश्चिमेकडचा, नकाशावर समुद्रांत नाक खुपसून बसलेला प्रांत. इंग्रज त्यास ब्रिटनी म्हणतात. फ्रेंच लोक ब्रताञ म्हणतात. निवडण्याचें कारण म्हणाल तर एक चित्र. माझी सारी नोकरी कोंकणांत, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील शाळांत झाली. एका पुस्तकांत ब्रताञच्या एका खाडीचें चित्र पाहिलें. पाणी ओसरलेलें, आणि होड्या चिखलांत कुशीवर निजलेल्या. हें दृश्य मीं चाळीस वर्षें शाळेच्या वाटेवर पाहिलें होतें. तेथील माणसें त्या चिखलाला काय म्हणत असतील, एवढीच जिज्ञासा प्रथम मनांत आली.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यास फ्रेंच शिकविते. दर रविवारीं मी एक पान लिहितों, मोबाइलवर त्याचें छायाचित्र काढून तिला पाठवितों, आणि ती तें तांबड्या खुणा करून परत पाठविते. इतकीं वर्षें तांबडी शाई माझ्या हातीं होती; आतां ती तिच्या हातीं आहे, आणि ती माझ्यापेक्षां कडक आहे.

पहिलें पान केवळ नांवांचें होतें, आणि त्यांत मला नऊ चुका मिळाल्या. आजच्या ब्रताञ विभागाचे चार जिल्हे आहेत: फिनिस्तेर, मॉर्बियाँ, कोत-दार्मोर आणि ईल-ए-विलेन. मुख्य शहर रेन. आतां "ब्रताञमध्यें" हें "आँ ब्रताञ" होतें, "फिनिस्तेरमध्यें" हें "दाँ ल फिनिस्तेर" होतें, आणि "रेनमध्यें" हें "आ रेन" होतें. एकच "मध्यें", पण रूपें तीन. प्रांताचें नांव स्त्रीलिंगी, तर एक अव्यय. जिल्ह्याचें पुल्लिंगी, तर दुसरें. शहर असेल तर तिसरें. मला प्रथम याचा त्रागा आला. मग ध्यानांत आलें कीं आपणही "कोंकणांत" म्हणतों पण "घाटावर" म्हणतों, आणि "घाटांत" म्हटलें तर अर्थच पालटतो. कोणा फ्रेंच माणसानें मराठी शिकावयास घेतली तर तोही असाच कपाळाला हात लावील. एवढें मात्र खरें कीं, हें कोष्टक मीं व्याकरणाच्या पुस्तकांतून चारदां पाठ केलें होतें आणि चारदां विसरलों होतों. जिल्ह्यांना नांवें आणि नकाशावर जागा मिळाली, तेव्हां तें एकदांचें बसलें.

फिनिस्तेर या नांवाची गंमत सांगण्यासारखी आहे. लॅटिनमधील "भूमीचा शेवट" या शब्दांपासून तें आलें. पण त्याच जिल्ह्याला तेथील जुन्या ब्रतों भाषेंत "पेन-अर-बेद" म्हणतात, आणि "पेन" म्हणजे डोकें. टोक असाही त्याचा अर्थ होतो. ज्या ठिकाणीं बाहेरून येणाऱ्यास भूमि संपलेली दिसली, त्या ठिकाणीं राहणाऱ्यास जगाचें शीर दिसावें, हें मला फार योग्य वाटलें.

आतां एक अडचण अशी, जी मराठी शाळेंत इंग्रजी शिकलेल्या आपल्या पिढीला विशेष छळते. आपण फ्रेंचकडे इंग्रजीच्या वाटेनें जातों, कारण कोश इंग्रजी, पुस्तकें इंग्रजी. "मी गेलों आहें" हें इंग्रजींत सांगतांना "असणें" हें क्रियापद येत नाहीं, "जवळ असणें" या अर्थाचें क्रियापद येतें. तें डोक्यांत ठेवून मीं फ्रेंचमध्यें लिहिलें, "झे आले". चूक! फ्रेंच माणूस म्हणतो, "झ स्वि आले". शब्दशः, "मी आहें गेलेला". म्हणजे थेट आपलें मराठी वाक्य! जाणें, येणें, पोंचणें, निघणें, चढणें, जन्मणें, मरणें अशीं सुमारें पंधरा क्रियापदें तेथें "असणें" घेऊन चालतात, आणि त्यांचें रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणें बदलतें. तो गेला, ती गेली. आपल्याला यांत शिकायचें काय आहे?

याहून नवल पुढें आहे. आपण "मीं भाकरी खाल्ली", पण "मीं आंबा खाल्ला", "मीं घावन खाल्लें" असें म्हणतों. खाणारा एकच, तरी क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाकडे पाहतें. ही चाल इंग्रजींत नाहीं, म्हणून ती जगांत आपल्याखेरीज फारशी कोणाची नसावी असें मला वाटे. पण फ्रेंचमध्यें कर्म जर क्रियापदाच्या आधीं आलें, तर तेथेंही असेंच घडतें. "जी गालेत मीं खाल्ली" या वाक्यांत "गालेत" स्त्रीलिंगी आहे, म्हणून "माँझे" या रूपाच्या शेवटीं एक जादा "ए" हें अक्षर लिहावें लागतें. कर्म मागून आलें तर मात्र नाहीं. साम्य पूर्ण नाहीं, आणि तें ताणूं नये. परंतु ज्या नियमावर इंग्रजीभाषिक विद्यार्थी वर्ष वर्ष अडखळतो, तो मराठी माणसाच्या कानाला परका वाटत नाहीं. म्हणून माझें सांगणें असें कीं फ्रेंच शिकतांना इंग्रजीचा पूल शक्य तितक्या लौकर सोडून द्यावा. "मला एक नकाशा पाहिजे" हें "ईल म फो" या वाक्प्रयोगानें जसेंच्या तसें होतें. तेथेंही "मला"च आहे, "मी" नाहीं. "मला समुद्राची उणीव भासते" हें म्हणतांनाही समुद्र कर्ता होतो आणि आपण "मला" होतों: "ला मेर म माँक". इंग्रजीवरून जाणारा येथें हमखास उलटें लिहितो, आणि समुद्रालाच आपली आठवण येते असा अर्थ होऊन बसतो.

गालेत म्हणजे काय हें सांगावयाचें राहिलें. ब्रताञमधील हें खारें घावनच समजा. तें गव्हाचें नसतें. ज्या धान्याला तेथें "ब्ले न्वार", म्हणजे काळा गहूं, म्हणतात त्याचें पीठ भिजवून तव्यावर पसरतात. हा गहूं नव्हेच. उत्तर हिंदुस्थानांत उपासाला चालतो तो कुट्टू. तापलेल्या वाटोळ्या तव्याला ब्रतों भाषेंत "बिलिग" म्हणतात, आणि लांकडी दांडीच्या फाळक्यानें पीठ गोल फिरवून पातळ करतात. मीं या एका पदार्थावर अर्धें पान लिहिलें आणि त्यांत भिजविणें, ओतणें, पसरणें, उलटणें, घडी घालणें अशीं अकरा क्रियापदें लागलीं. "माझा दिनक्रम" या निबंधांत आठ महिन्यांत इतकीं लागलीं नव्हतीं. सौभाग्यवतींचें मत असें पडलें कीं, घावन पसरावें लागतें म्हणजे पीठ जाड भिजविलेलें आहे. हें मत मीं फ्रेंचमध्यें लिहून पाठविलें. त्यांत एकही चूक निघाली नाहीं.

लोणी तेथें खारट असतें, आणि त्याचेंही कारण आहे. जुन्या फ्रान्समध्यें मिठावर "गाबेल" नांवाचा जबर कर असे. राज्यक्रांतीच्या काळांत, 1790 सालीं, तो रद्द झाला. ब्रताञ प्रांताला त्या करांतून सूट होती, म्हणून मीठ तेथें स्वस्त, आणि लोण्यांत घालण्याइतकें मुबलक. दक्षिणेकडे गेराँद येथें समुद्राचें पाणी वाफ्यांतून खेळवून अजून हातानें मीठ काढतात. आजच्या सरकारी आंखणींत गेराँद व जवळचें नाँत शहर ब्रताञ विभागांत मोडत नाहींत, पण जुन्या ब्रताञचीं तीं होतीं, आणि तेथें ही गोष्ट वादाची आहे. त्या आगरांविषयीं लिहितांना मीं कोशांतून "बनविणें" हें क्रियापद घेतलें होतें. विद्यार्थिनीनें तें खोडून "रेकोल्ते" लिहिलें, म्हणजे पीक काढणें. आपण मिठागरांत मीठ पिकवितों. तेही पीकच काढतात. वरचा हलका थर जो अलगद उचलतात त्यास तेथें "मिठाचें फूल" असें नांव आहे.

भरती-ओहोटीच्या शब्दांतही हीच ओळख पटत गेली. उधाणाच्या भरतीला फ्रेंचमध्यें "वीव्-ओ" म्हणजे जिवंत पाणी असा शब्द आहे, आणि ज्याला आपल्याकडील दर्यावर्दी भांग म्हणतात त्या सुस्त भरतीला "मोर्त्-ओ", मेलेलें पाणी. सँ-मालो या बंदरांत मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळींत बारा मीटरांहून अधिक अंतर पडतें. मुंबईस मोठें उधाण पांच मीटरांच्या आसपास असतें, त्यावरून कल्पना करावी. तेथें पंचांगासारखीं भरतीचीं कोष्टकें मिळतात आणि त्यांत प्रत्येक भरतीस 20 पासून 120 पर्यंत गुणांक दिलेला असतो. सँ-मालोजवळ रान्स नदीच्या मुखाशीं 1966 पासून या पाण्यावर वीज निर्माण होते. चोवीस यंत्रें, एकूण 240 मेगावॅट. याच गांवीं जन्मलेला प्रसिद्ध लेखक शातोब्रियाँ गांवासमोरच्या एका खडकाळ बेटावर पुरलेला आहे, आणि त्या बेटावर ओहोटीच्या वेळींच पायीं जातां येतें. ओहोटीला खडकांवर कालवें व शिंपल्या वेंचण्यास जाणाऱ्यांचीही तेथें रीत आहे. तिला "पायीं मासेमारी" असें नांव आहे. आमच्या खाडीवरच्या बायका हेंच करतात.

व्याकरणांत भूतकाळाचा अभ्यास हा मोठा घाट. फ्रेंचमध्यें "आलें" आणि "येत असे" यांचीं रूपें वेगळीं, आणि कोणतें कोठें हें ठरविणें कठीण, असें सर्व पुस्तकें सांगतात. मला तें लोरियाँ या बंदरानें शिकविलें. फ्रान्सची ईस्ट इंडिया कंपनी 1664 मध्यें निघाली. 1666 मध्यें ब्रताञच्या या किनाऱ्यावर तिनें जहाजांचा कारखाना घातला. "लोरियाँ" म्हणजे "पूर्व दिशा". पूर्वेकडे जाण्यासाठीं वसविलेलें गांव! सुरतेस या कंपनीची वखार होती, पुढें पांडेचरीस मुख्य ठाणें झालें, आणि अठराव्या शतकांत आपल्याकडचें सुती कापड, मिरी, रेशीम लोरियाँच्या धक्क्यावर उतरत असे. छापील सुती कापडाला फ्रेंचमध्यें "आँदियेन", म्हणजे हिंदी, हेंच नांव पडलें. त्याचा खप इतका कीं तेथील विणकरांच्या ओरडीवरून 1686 पासून 1759 पर्यंत सरकारनें त्यावर बंदी घातली होती, आणि लोक तरीही तें वापरीत असत. आतां पाहा: जहाजें येत असत, लिलांव होत असत, लोक चोरून नेसत असत, हें सारें एका काळांत. बंदी आली, बंदी उठली. 1943 च्या आरंभीं दोस्तांच्या विमानांनीं पाणबुड्यांच्या तळासाठीं तें शहर जवळजवळ भुईसपाट केलें. हें दुसऱ्या काळांत. मराठींत आपण हा भेद न शिकतां करतों. इंग्रजींत तो क्रियापदाच्या रूपांत दिसत नाहीं, म्हणून इंग्रजीवरून जाणारा तेथें चुकतो.

परंतु माझी सर्वांत मोठी चूक व्याकरणाची नव्हती. चौथ्या कीं पांचव्या रविवारीं कार्नाक येथील उभ्या दगडांविषयीं लिहिलें. इतिहासपूर्व काळीं माणसांनीं रांगांत उभे केलेले हे दगड सुमारें तीन हजार आहेत. उत्साहाच्या भरांत मीं लिहून गेलों कीं, मीं पहांटे ते दगड पाहिले, धुकें होतें, आणि माझ्या अंगावर कांटा आला. पान परत आलें. एकही तांबडी खूण नव्हती. खालीं फक्त मराठींत एक ओळ होती: "गुरुजी, आपण केव्हां जाऊन आलांत?"

मला लाज वाटली. निबंध लिहावयास सांगून "मी पाहिलेली जत्रा" न पाहिलेल्या मुलांकडून लिहून घेणारा मास्तर मीच, त्यामुळें ती संवय मला कोठून लागली हेंही कळलें. त्या दिवसापासून या अभ्यासांत एक नियम केला: "पाहिलें" हें क्रियापद प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय वापरावयाचें नाहीं. आणि चमत्कार असा कीं, या नियमानेंच फ्रेंचमधील निम्मी संपत्ति हातीं लागली. न पाहिलेल्या गोष्टीविषयीं प्रामाणिकपणें लिहावयाचें तर "पाहावयास आवडेल", "गेलों तर पाहीन", "असें वाचलें", "असें सांगतात" हीं सर्व रूपें लागतात. "मी गेलों तर" यांत आपण भविष्याविषयीं बोलतांना भूतकाळाचें रूप वापरतों. "समजा, मी गेलों तर" अशा कल्पनेच्या वाक्यांत फ्रेंचमध्येंही "तर"च्या आधीं भूतकाळच येतो. ऐकीव बातमीसाठीं तेथें संकेतार्थाचें रूप आहे. वर्तमानपत्रांत तें नित्य दिसतें. आपण "तेथें तीन हजार दगड आहेत म्हणे" असें म्हणतों, त्यांतल्या "म्हणे"चें काम तें एक रूप करतें. पाहिल्याचें सोंग करणाऱ्याला यांतलें कांहींच लागत नाहीं. त्याचें साध्या भूतकाळावर भागतें.

"विझिते" या शब्दाची सूचनाही येथेंच देऊन ठेवतों. त्याचा अर्थ भेट देणें, पण ती स्थळाला. माणसाच्या भेटीस जाणें यास "राँद्र विझित" असा वेगळा प्रयोग आहे. मीं एकदां "रेनच्या एका प्राध्यापकांना भेट द्यावयाची आहे" असें लिहिलें, तें प्रेक्षणीय इमारतीप्रमाणें त्यांना आंतून-बाहेरून पाहण्यासारखें झालें. माहिती विचारणारें पत्र लिहिणें हाही उत्तम सराव आहे. "मला पाहिजे" असें न लिहितां "झ वुद्रे", "मला हवें होतें", असें नम्र रूप घ्यावें. शेवटीं "माझ्या विशेष आदरपूर्वक अभिवादनाचा आपण स्वीकार करावा अशी विनंति" अशा अर्थाचें लांबलचक वाक्य आजही तेथील औपचारिक पत्रांत लिहितात. "कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति विशेष" लिहीत आलेल्यांच्या वंशजांस तें जड जाऊं नये.

आतां त्या "त्याच्याच भाषेंत" या शब्दांकडे येतों. गेल्या पावसाळ्यांत ब्रताञमधील शाळांविषयीं लिहावें असें मनांत आलें. जुना शिक्षक दुसरें काय निवडणार? वाचूं लागलों तों कळलें कीं त्या प्रांताच्या पश्चिम भागाची जुनी भाषा फ्रेंच नव्हेच. पांचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास समुद्रापलीकडून, ब्रिटन बेटांतून, आलेल्या लोकांनीं आणलेली ती ब्रतों भाषा. वेल्सच्या भाषेची ती बहीण. खेड्यांतील मुलें एकोणिसाव्या शतकांत आणि विसाव्याच्या पूर्वार्धांतही तीच बोलत शाळेंत येत. तेथें "सँबोल" नांवाची वस्तु असे. कोठें लांकडी खडावेचा तुकडा, कोठें नुसता ठोकळा. जें मूल ब्रतों शब्द बोले त्याच्या गळ्यांत ती अडकवीत. त्या मुलानें दुसऱ्या कोणास ब्रतों बोलतांना पकडलें कीं ती त्याच्या गळ्यांत जाई. दिवसाअखेर ज्याच्या गळ्यांत राही त्यास शिक्षा होई. म्हणजे शिक्षेबरोबर चहाडीचेंही शिक्षण. मी ज्या भाषेचा इतक्या हौसेनें सराव करीत होतों, ती त्या प्रांतांत अशा रीतीनें शिकविली गेली होती.

हें वाचून मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीं माझ्या वर्गांत किनाऱ्यालगतच्या वाडीवरून एक मुलगी येत असे. गणित घातलें, तिला विचारलें, ती म्हणाली, "माका येणा नाय." मालवणींत याचा अर्थ "मला येत नाहीं". मीं तिला "मला येत नाहीं" हें वाक्य शुद्ध रूपांत पन्नास वेळां लिहून आणावयास सांगितलें. गणिताबद्दल नव्हे, भाषेबद्दल. दुसऱ्या दिवशीं तिनें तें वळणदार अक्षरांत लिहून आणलें. त्यानंतर ती वर्गांत आपणहून कांहीं बोलल्याचें मला आठवत नाहीं.

त्या रविवारचें पान मीं हेंच लिहिलें. "ज्या मुलाला मीं शिक्षा केली" असें वाक्य होतें. फ्रेंचमध्यें मूल या अर्थाचा "आँफाँ" हा शब्द मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालतो, आणि त्यामागील उपपद स्वरापुढें आखडतें, त्यामुळें लिंग झांकलें जातें. मीं तें झांकलेलेंच ठेवलें होतें. पान परत आलें तेव्हां शिक्षा या क्रियापदाच्या रूपाखालीं तांबडी रेघ होती आणि शेजारीं प्रश्न: "मुलगा कीं मुलगी?" कर्म आधीं आलेलें होतें, तेव्हां ती मुलगी असेल तर शेवटीं "ए" लिहावयास हवा. मीं तो लिहिला. "प्युनी" हा उच्चार दोन्ही वेळां एकच राहतो, त्यामुळें आज नभोवाणीवरून तो फरक मी आपणांस ऐकवूं शकत नाहीं. तो कागदावरच दिसतो.

तेव्हां ब्रताञविषयीं फ्रेंचमध्यें लिहिणें म्हणजे त्या प्रांताच्या एका भाषेंत लिहिणें, एवढेंच म्हणणें रास्त. मी फ्रेंच सोडली नाहीं. पण गांवांच्या नांवांतले ब्रतों शब्द वहीच्या मागच्या पानावर टिपूं लागलों आहें. "केर" म्हणजे वस्ती, आपल्या वाडीसारखी. "प्लू" म्हणजे धर्मगुरूच्या हाताखालचा गांव. "मोर बियान" म्हणजे लहान समुद्र, त्यावरून मॉर्बियाँ हें जिल्ह्याचें नांव. 1951 च्या एका कायद्यानें ब्रतों भाषेला सरकारी शाळांत थोडी जागा मिळाली. 1977 पासून ती भाषा माध्यम म्हणून वापरणाऱ्या "दिवान" नांवाच्या शाळा निघाल्या. "दिवान" म्हणजे बी. रस्त्यांवरच्या पाट्या आतां पुष्कळ ठिकाणीं दोन भाषांत असतात. पण घरांत ती बोलणारीं माणसें बहुतेक वृद्ध झालीं आहेत.

कांहीं श्रोते विचारतील कीं, आतां यंत्र क्षणांत भाषांतर करून देतें, मग हा खटाटोप कशास? यंत्राचें भाषांतर पुष्कळदां माझ्यापेक्षां बरें असतें हें मी मान्य करतों. परंतु मुलगा कीं मुलगी, हें तें मला विचारीत नाहीं. ज्यांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं आठवड्यास एका पानाहून अधिक लिहूं नये, लिहिलेलें तपासून देणारें कोणी माणूस शोधावें, आणि लिहितांना कोश बंद ठेवून शब्द अडेल तेथें मराठी शब्दच घालून पुढें जावें. कोश मागून उघडावा. दर ओळीला कोश उघडला तर पान कोशाचें होतें. नकाशा मात्र सतत समोर असावा.

जाणें घडेल न घडेल. पारपत्र काढून ठेवलें आहे. या रविवारचें पान वेसाँ या बेटावर आहे. फ्रान्सच्या मुख्य भूमीपासून पश्चिमेस पडलेलें हें बेट. तेथील पुरुष जहाजांवर जात, आणि नांगरटीपासून कापणीपर्यंत शेती बायका करीत. माझें वाक्य एका ठिकाणीं अडलें आहे: बेटावरून गेलेले ते खलाशी पुढें "परत आले" असें लिहावें, कीं "परत येत असत" असें. सर्व आले नाहींत, हें ठाऊक आहे. पान अजून पाठविलेलें नाहीं.